मि. एन. पॅरी, चिटणीस

आमच्या नांतदेरू गावात पॅरी इतके, की आडनावाने हाक मारली तर अर्धी गल्ली वळून बघते. म्हणून माणसाला त्याच्या कामावरून ओळखायचं. खाटीक तुदुर, पाववाला इमरिस, पोस्टातली नेस्ता. या नेस्ताचं पुढे आणखी एक नाव झालं. ते गावाने ठेवलेलं नव्हतं. सारं गाव मात्र ते नऊ वर्षं पोटात ठेवून होतं.

मी गेथिन. त्या काळी मी आठवडाभर खाणीत पाटीचा दगड चिरायचो आणि शनिवारी गावच्या फुटबॉल क्लबकडून डाव्या बाजूला खेळायचो. नेस्ता माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. उंच, हाडापेराने मजबूत, केस मागे घट्ट बांधलेले. पोस्टाच्या खिडकीमागे बसली की समोरचा माणूस आपोआप टोपी काढायचा.

आमचा क्लब १९०२ सालचा. खाणीतल्या एकोणीस गड्यांनी तो काढला. चॅपलच्या वडीलधाऱ्यांना तेव्हा फुटबॉल म्हणजे सैतानाचा खेळ वाटायचा, त्यामुळे पहिली काही वर्षं आमचे लोक मेंढ्यांच्या वाड्याआड कपडे बदलून मैदानात उतरायचे. पुढे वडीलधाऱ्यांपैकी दोघांची मुलंच संघात आली आणि तो विरोध कधी विरला ते कुणाला कळलंही नाही. मैदान म्हणजे हाफोद नावाच्या शेतावरचं एक रान. गावात खडक नसलेली तेवढी एकच जागा होती. पण तिला उतार असा की वरच्या गोलाजवळ उभं राहिलं तर खालच्या गोलकीपरची फक्त टोपी दिसायची. युद्धात त्या रानात बटाटे लावले आणि गोलाचे खांब कुणाच्या तरी गोठ्याला टेकू म्हणून गेले. क्लब बंद पडला.

१९४६च्या उन्हाळ्यात तो पुन्हा सुरू करायचं ठरलं. चॅपलमागच्या खोलीत सोळा पुरुष जमले आणि अडीच तास एकाच विषयावर भांडले, सदरे हिरवे हवेत की तांबडे. शेवटी कुणीतरी विचारलं, "पण लीगला पत्र कोण लिहिणार? चिटणीस कोण?"

इतका वेळ ज्यांची तोंडं थांबत नव्हती ते सगळे आपापले बूट बघायला लागले.

"माझ्या हाताला सुरा बसतो. पेन नाही बसत," तुदुर म्हणाला. तो क्लबचा अध्यक्ष.

तेवढ्यात नेस्ता चहाची किटली आणि खोलीची किल्ली न्यायला आली. तिचा धाकटा भाऊ इथेल आमचा गोलकीपर. युद्धात त्याची दोन बोटं गेली होती, आणि चेंडू नेमका त्याच दोन बोटांच्या जागेतून जातो असं तो स्वतःच सांगायचा.

"काय झालं? कुणी गेलं का?" तिने विचारलं.

"चिटणीस पाहिजे," इथेल म्हणाला.

"मग?"

"कुणी व्हायला तयार नाही."

"सोळा बाप्ये, आणि एकाला पत्र लिहिता येत नाही?" तिने किटली खाली ठेवली. "आणा तो कागद इकडे."

तिने उभ्याउभ्याच अर्ज भरला. तिचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, फक्त सातच्या आकड्याला ती मधोमध एक आडवी रेघ मारायची आणि त्या रेघेला शेवटी गळासारखा छोटासा बाक द्यायची. चिटणिसाच्या नावापुढे तिने लिहिलं, 'एन. पॅरी.'

"पूर्ण नाव लिही की," इथेल म्हणाला.

"जागा नाही."

जागा चांगली बोटभर होती. मी बघितली होती.

आठ दिवसांनी लीगचं उत्तर आलं. वर लिहिलं होतं, 'प्रिय मि. पॅरी.' नेस्ताने ते पत्र मैदानावर आणून आम्हाला दाखवलं. आम्ही तेव्हा बटाट्याचे वाफे बुजवत होतो.

"चूक झालीय म्हणून कळवायला पाहिजे," तुदुर म्हणाला.

"कशाला? त्यांनी विचारलंय का, बाबा तू बाई आहेस की बुवा?" नेस्ताने पत्राची घडी घातली. मग जरा हळू आवाजात म्हणाली, "पोर्थग्लासच्या क्लबने युद्धाआधी एका बाईचं नाव पाठवलं होतं. अर्ज तसाच परत आला. दुसरं नाव येईपर्यंत त्यांना सामने दिले नाहीत. तुम्हाला या वर्षी खेळायचंय ना?"

खेळायचं तर होतंच. सात वर्षं थांबलो होतो. तेव्हापासून गावाबाहेर आमचे चिटणीस मि. एन. पॅरी.

लीगचं कार्यालय समुद्रकाठच्या मोठ्या गावी होतं आणि तिथले चिटणीस होते हंफ्री बेवन. आयुष्यभर स्टेशनमास्तर होते, निवृत्त झाल्यावर लीगच्या चोवीस क्लबांचं वेळापत्रक सांभाळत होते. पहिलं वर्षभर दोघांची पत्रं नियमाला धरून होती. कुठला सामना कधी, कुणाचं नाव नोंदवायचं, कागद गुरुवारच्या टपालाने पोचले पाहिजेत. आमचे कागद कधी उशिरा गेले नाहीत. टपालाची थैली किती वाजता बंद होते ते चिटणिसाला मिनिटावर ठाऊक, कारण थैली तीच बंद करायची.

दुसऱ्या वर्षी पत्राच्या शेवटी बेवनसाहेबांनी एक ओळ जास्त लिहिली. 'पायाचा अंगठा सुजल्यामुळे उत्तरास दोन दिवस विलंब झाला, क्षमस्व.' नेस्ताने उलट टपाली विचारलं, अंगठा आता कसा आहे? झालं. तिथून त्या पत्रांना पालवी फुटली. अंगठा, बागेतले कांदे, लीगच्या सभेत कोण झोपलं, कुठल्या रेफरीला लांबचं दिसत नाही. नेस्ता इकडचं लिहायची, वाऱ्याने चेंडू कसा गेला, कुणाच्या मेंढ्यांनी कोपऱ्यातला झेंडा कसा खाल्ला. आठवड्याला एक पत्र जायचं, एक यायचं. तिच्या घरी कामाचं, भावाचं, चॅपलचं बोलायला माणसं होती. पण तिला सुचलेली बारीक गंमत ज्याला कळेल असा माणूस तिला पहिल्यांदा मिळाला होता, आणि तो चाळीस मैलांवर बसून तिला पुरुष समजत होता.

नाताळला बेवनसाहेबांनी मि. पॅरींना तंबाखूची पुडी पाठवली.

"आता?" नेस्ता म्हणाली.

"आता काय, मी आहे ना," इथेल म्हणाला आणि पाइप भरायला बसला. दरवर्षी तो ती तंबाखू ओढायचा आणि नेस्ता शेजारी वही घेऊन बसायची. "कशी आहे सांग. मला आभार मानायचेत."

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे? नीट सांग, माणूस हौसेने पाठवतो."

"लाकडासारखा वास आहे. जुन्या कपाटासारखा."

ती लिहायची, 'जुन्या शिसवी कपाटाचा सुवास,' आणि बेवनसाहेब खूश व्हायचे.

लीगची वार्षिक सभा ही मात्र खरी पंचाईत होती. दरवर्षी मि. पॅरींना काहीतरी व्हायचं. सहा वेळा सर्दी, एकदा पाठीत उसण, एकदा गोवर. त्यांच्याऐवजी तुदुर किंवा मी जायचो. गोवराच्या वर्षी बेवनसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "या वयात गोवर म्हणजे गंभीर आहे हो. पॅरींची प्रकृती मुळात नाजूक दिसते."

"नाजूक म्हणजे काय," मी म्हणालो. आदल्याच शनिवारी मि. पॅरींनी खांद्यावरून गोलाचा खांब वाहून आणला होता.

त्यांनी घरी केलेला कांद्याचा काढा बाटलीत भरून माझ्याकडे दिला. नेस्ता तो प्रामाणिकपणे प्यायली. 'उतार पडला' असं कळवण्याआधी खोटं नको, म्हणाली.

मग पोर्थग्लासच्या क्लबने तक्रार केली. आमच्याकडे ते पाच गोलांनी हरले होते आणि त्यांचं म्हणणं होतं की नांतदेरूचं मैदान हे मैदानच नव्हे, डोंगर आहे. लीगने खुलासा मागवला. नेस्ताने लीगचं नियमांचं पुस्तक घेतलं आणि तीन पानी उत्तर लिहिलं. ते तिने पाठवण्याआधी आम्हाला वाचून दाखवलं होतं, म्हणून मला आठवतंय. 'मैदानाची लांबी किती, रुंदी किती, रेघा कशा, जाळी कशी, हे सर्व नियम अकरामध्ये दिले आहे. ते सपाट असावे असे कुठेही म्हटलेले नाही. शिवाय मध्यंतरानंतर बाजू बदलतात, त्यामुळे देवाने दिलेला उतार दोन्ही संघांना सारखाच वाटला जातो. पोर्थग्लासला तो पूर्वार्धात मिळाला होता. त्याचे त्यांनी काय केले हे आम्ही कसे सांगणार?'

तक्रार फेटाळली गेली. बेवनसाहेबांनी अधिकृत पत्राखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'वाचताना चहा सांडला. पत्नी रागावली.'

अशी नऊ वर्षं गेली. १९५५च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी सकाळी मी पोस्टात तिकिटं घ्यायला उभा होतो. दार उघडलं आणि जाड काळा कोट घातलेले, ठेंगणे, जरा लंगडत चालणारे गृहस्थ आत आले. सभेत पाहिलेले बेवनसाहेब! मी टोपी खाली ओढून भिंतीकडे वळलो.

"नमस्कार. मला मि. एन. पॅरींना भेटायचंय. त्यांची पत्रं इथंच पोस्टात येतात, तेव्हा घराचा पत्ता मिळेल असं वाटलं," बेवनसाहेब म्हणाले.

नेस्ताने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण तो लंगडता पाय बघून तिला कळलं असावं, कारण तिच्या हातातला शिक्का अधांतरीच राहिला.

"पॅरी इथं पुष्कळ आहेत," ती म्हणाली.

"फुटबॉल क्लबचे चिटणीस. मी लीगचा बेवन. त्यांना न कळवता आलोय, एक आनंदाची बातमी स्वतः सांगायची होती."

"ते बाहेर गेलेत," नेस्ता म्हणाली.

"कुठं?"

"दंतवैद्याकडे," नेस्ता म्हणाली, आणि त्याच क्षणी मी म्हणालो, "मासे धरायला."

बेवनसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दंतवैद्याकडे मासे?"

मी ततपप करायला लागलो.

"हरकत नाही, मी थांबतो," ते शांतपणे म्हणाले. "तोवर एक पार्सल रजिस्टर करून द्या." त्यांनी पिशवीतून एक छोटी पेटी काढली. नेस्ताने ती तोलली, पावती लिहिली, फाडून पुढे केली. सवयीचं काम, हात आपोआप चालला.

बेवनसाहेब पावती खिशात घालणार, तेवढ्यात थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पावतीवर पेटीचं वजन होतं, सतरा औंस. साताला आडवी रेघ आणि रेघेला छोटासा बाक.

त्यांनी पावतीची घडी घालून पाकिटात ठेवली.

"मिस पॅरी," ते म्हणाले, "सामना किती वाजता आहे?"

"अडीच वाजता," नेस्ता म्हणाली.

त्यांनी टोपीला हात लावला आणि निघून गेले.

नेस्ता खुर्चीवर बसली. चेहरा कागदासारखा झाला होता. "गेथिन," ती म्हणाली, "मासे? फेब्रुवारीत?"

"तुम्ही तरी दंतवैद्य म्हणालात. गावात कुठं आहे दंतवैद्य?"

ती हसली नाही. "क्लबला काढून टाकतील रे. नऊ वर्षांचे सगळे अर्ज खोटे ठरतील."

दुपारी पाऊस आडवा मारत होता. नेस्ता नेहमीच्या जागी, मधल्या रेघेपाशी छत्री घेऊन उभी. बेवनसाहेब पलीकडच्या बाजूला एकटे, कॉलर वर करून. मध्ये आम्ही बावीस जण चिखलात लोळत होतो. आम्ही तीन-दोनने जिंकलो आणि तिसरा गोल माझा होता, तोही चढावर, हे इथे सांगितलंच पाहिजे. सामना संपल्यावर बघतो तर ते गृहस्थ चहालाही न थांबता स्टेशनकडे गेलेले.

पाच आठवडे लीगकडून काहीच आलं नाही. मग एक पत्र आलं. टाइप केलेलं. 'महोदया, आपली नोंदणी तपासण्यात आली असून ती नियमबाह्य नसल्याचे आढळून आले आहे. आपला क्लब लीगमध्ये पूर्ववत राहील. कळावे.' खाली सही.

आम्ही तर नाचलो. तुदुरने सगळ्यांना सॉसेज वाटले. पण नेस्ताने सॉसेजला हात लावला नाही. सरावानंतर मी तिला जाळी गुंडाळायला मदत करत होतो, तेव्हा म्हणालो, "आता कसली काळजी? वाचलो की."

"क्लब वाचला," ती म्हणाली. ती जाळीच्या गाठी सोडवत राहिली. "पण मि. पॅरीला एक मित्र होता, गेथिन. मिस पॅरीला नाही, असं दिसतंय."

नेस्ताच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही पाहिलं नाही.

रविवार गेला. सोमवारी सकाळी तिने कागद ओढला आणि बेवनसाहेबांना लिहिलं. ते तिने आम्हाला दाखवलं नाही, पण पुढे बऱ्याच वर्षांनी मला सांगितलं. 'साहेब, आपले पत्र मि. पॅरींना दाखवले. ते म्हणतात, हे रेल्वेच्या वेळापत्रकासारखे आहे, आणि वेळापत्रकात निदान गाडी पुढे कुठे जाते ते तरी लिहिलेले असते. त्यांनी आपल्या अंगठ्याची चौकशी केली आहे. मीही करते. नाव सांगितले असते तर खेळू दिले नसते, म्हणून नाव सांगितले नाही. बाकी नऊ वर्षांत जे लिहिले त्यात खोटे फक्त सर्दी, उसण आणि गोवर.'

गुरुवारी उत्तर आलं. हाताने लिहिलेलं, चार पानी. सुरुवात होती, 'प्रिय पॅरी.' पुढे मि. नाही, मिस नाही, काही नाही.

त्यांना राग आलेलाच नव्हता. लाज वाटली होती. 'मागे एका हिवाळ्यात मी माझ्या लोकरी आतल्या कपड्यांविषयी तुम्हाला दोन पाने लिहिली होती,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'एका अविवाहित स्त्रीला! ते आठवले की बसल्या जागी घाम फुटतो. पाच वेळा पत्र लिहायला घेतले आणि पाचही वेळा ते कपडे समोर येऊन उभे राहिले. अंगठा बरा आहे.' आणि शेवटी ती आनंदाची बातमी, जी सांगायला ते मुळात आले होते. त्या वर्षीचा सर्वोत्तम चिटणीस म्हणून लीगने एन. पॅरींची निवड केली होती. मे महिन्यात हॉटेलात मेजवानी होती. तिथे घड्याळ देणार होते.

ती बातमी नेस्ताने मला खिडकीतून ओरडून सांगितली. पोस्टात रांग होती, तरी.

आता त्या मेजवानीला आजवर बाई गेलेली नव्हती. लीगचे अध्यक्ष मेजर लेथब्रिज म्हणून होते, तलवारीसारख्या मिशांचे. ते सभेत म्हणाले की घड्याळ टपालाने पाठवा, हॉटेलात बाई आली तर लोकांना मोकळेपणी बोलता येणार नाही. बेवनसाहेब उठले. त्यांनी लीगच्या कपाटाच्या किल्ल्या, शाईची दौत आणि पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकाचे कोरे तक्ते मेजरसाहेबांसमोर टेबलावर मांडले.

"हे काय?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"चोवीस क्लब, दोन फेऱ्या. जत्रा, मेंढ्यांची कातरणी आणि रेल्वेच्या वेळा सांभाळून आपण बसवा. मी जरा मोकळेपणी बोलायला घरी जातो."

मेजरसाहेबांनी तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, एखादी बाई आली तर तसं काही बिघडत नाही.

प्रत्येक क्लबला दोन जागा असायच्या. नेस्ताबरोबर इथेलने जायचं ठरत होतं, पण तो म्हणाला, "नको. ते इतक्या वर्षांची तंबाखू परत मागतील." म्हणून मी गेलो. नेस्ताने निळा कोट घातला होता आणि आईची मोत्याची टाचणी.

हॉटेलच्या दारावरच्या माणसाने हात आडवा केला. "वाढणाऱ्या बायकांनी मागच्या दाराने."

"मला चालेल," नेस्ता म्हणाली. "पण मग घड्याळ द्यायला त्या सगळ्यांना स्वयंपाकघरात यावं लागेल. जरा गर्दी होईल."

तो माणूस गोंधळला. तेवढ्यात मागून एक बारीकशी बाई टोपी सावरत आली आणि तिने सरळ नेस्ताच्या हातात हात घातला. "तुम्हीच पॅरी! मी मिसेस बेवन. मला कुणी बोलावलेलं नाही, पण तुम्ही जाताय तर मीही येते. एकटीने इतक्या मिशांमध्ये बसू नये कुणी."

"मिसेस बेवन, तुमच्या यजमानांना मी…" नेस्ता काहीतरी बोलायला लागली.

"अहो, मला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं! ते नाश्त्याला तुमची पत्रं मोठ्याने वाचतात. कुठला पुरुष दुसऱ्या पुरुषाच्या अंगठ्याची लागोपाठ तीन पत्रांत चौकशी करतो?"

"मग त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर पत्रं थांबली असती. मग त्या अंगठ्याचं मलाच ऐकावं लागलं असतं."

नेस्ता खळखळून हसली, दारातच. दारावरचा माणूस बाजूला झाला.

जेवणात मटण होतं आणि बटाटे कच्चे होते. मग मेजरसाहेब उठले, खाकरले आणि घड्याळाची पेटी उघडली. साखळीचं, खिशात ठेवायचं पुरुषी घड्याळ. झाकणाच्या आत कोरलं होतं, 'मि. एन. पॅरी यांस.' ते निवडीच्या वेळीच कोरून घेतलेलं होतं. मेजरसाहेब लाल झाले. "अं… नाव आम्ही दुरुस्त करून देऊ."

"राहू द्या," नेस्ता म्हणाली. "त्यानेही मेहनत केलीय."

आधी बेवनसाहेब हसले. मग कोपऱ्यातून कुणीतरी, आणि मग अख्खी खोली. पोर्थग्लासचे चिटणीस तर टेबलावर मुठी आपटत होते. बेवनसाहेब आणि नेस्ता त्या दिवशी एकमेकांशी फारसं बोलले नाहीत, हे मी बघितलं. समोरासमोर दोघंही बुजत होते. निघताना त्यांनी फक्त "लिहा" म्हटलं आणि तिने मान हलवली.

दुसऱ्या वर्षीपासून मेजवानीला सगळ्यांच्या बायका यायला लागल्या. मोकळेपणी बोलता येत नाही अशी तक्रार काही वर्षं चालली, पण बटाटे शिजलेले मिळायला लागले.

बेवनसाहेब १९६३ साली गेले. शेवटच्या आठवड्यातही त्यांचं पत्र आलं होतं. नेस्ताने त्यांच्यासाठी काळा कोट घातला आणि अंत्यविधीला त्यांच्या बायकोच्या शेजारी, घरच्या माणसांच्या रांगेत बसली. मिसेस बेवननीच तिला तिथे बसवलं.

खाण १९६९ला बंद झाली. तो काळ कठीण गेला. गडी कामासाठी लिव्हरपूलला, बर्मिंगहॅमला गेले आणि एका शनिवारी आम्ही नऊच जण उरलो. लोक म्हणाले, क्लब बंद करा. नेस्ताने बाहेर गेलेल्या प्रत्येकाला पत्र लिहिलं. एकालाही 'या' म्हणून लिहिलं नाही. फक्त गेल्या सामन्यात त्याच्या जागी कोण खेळलं आणि किती वाईट खेळलं, एवढंच सविस्तर कळवलं. महिनाभरात शनिवारी दुपारी मोटारी यायला लागल्या. इथेल बावन्नाव्या वर्षापर्यंत गोलात उभा राहिला. क्लब आजही आहे.

१९७८ साली, चौसष्टाव्या वर्षी, नेस्ताने चिटणिसाचं काम सोडलं. आम्ही समारंभ केला, मनुकांचा पाव कापला, तुदुरने भाषण करायला घेतलं आणि मधेच रडायला लागला. नेस्ता म्हणाली की बत्तीस वर्षांत आपण एकही शनिवार बायकांसारखा घालवलेला नाही, आता घालवायचाय.

पुढच्या शनिवारी ती मावसबहीण दिलिसबरोबर समुद्रकाठच्या गावी खरेदीला गेली. पुढचं दिलिसने मला सांगितलं. दोघी पडद्यांच्या दुकानात गेल्या, चहा प्यायल्या, केक खाल्ला. पावणेतीनला नेस्ता म्हणाली, जरा हवा खाऊन येते. तासभर झाला तरी ती येईना. दिलिस दोन्ही हातांत पिशव्या घेऊन शोधायला निघाली आणि एका सार्वजनिक मैदानाशी येऊन थबकली. तिथे कुठल्यातरी दोन कारखान्यांचे संघ खेळत होते, आणि चांगले बूट घातलेली नेस्ता हातात झेंडा घेऊन रेघेवरून धावत होती. त्यांचा लाइन्समन आलाच नव्हता, म्हणे.

"अगं, पडदे राहिले की!" दिलिस ओरडली.

"थांब, ऑफसाइड आहे!" नेस्ता म्हणाली आणि झेंडा वर केला.

संध्याकाळच्या बसने दोघी परत आल्या. बूट चिखलाने भरलेले, गाल लाल झालेले. मी थांब्यावर भेटलो तेव्हा विचारलं, "कोण जिंकलं?"

"लाल सदरेवाले. दोन-एक. त्यांचा डावीकडचा मुलगा फार छान खेळला, तुझ्यापेक्षा बरा."

"संघ कुठले होते?"

नेस्ता विचारात पडली. "अगं बाई," ती दिलिसला म्हणाली, "ते विचारायचं राहिलंच की."